महूचा अँप्लिफायर: आधी मीटर लावा, प्लग नंतर

पत्र:

"काका, नमस्कार. बाबांच्या माघारी त्यांच्या एलपी माझ्याकडे आल्या. अमीर खाँसाहेब, कुमारजी, भीमसेनजी आणि थोडं नाट्यसंगीत. रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतलाय, ८ ओहमचे दोन स्पीकर आहेत, आणि आता काचेच्या जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं वेड डोक्यात शिरलंय. महूला एक निवृत्त गृहस्थ त्यांच्या थोरल्या भावाने सत्तरच्या दशकात अमेरिकेहून आणलेला डायनाको स्टिरिओ ७० विकायचा म्हणतात. ६०,००० रुपये सांगतात. 'दहाएक वर्षं लावला नाही इतकंच, बाकी एकदम चालू. रविवारी या, प्लग लावून दाखवतो, ऐका आणि घेऊन जा.' माझे मेव्हणे हौसेने जुने रेडिओ दुरुस्त करतात, ते म्हणतात तिथेच उघडून बघू. बायको म्हणते, घरात चार वर्षांची पोर आहे, त्यात हे शॉक देणारं धूड कशाला? घ्यावा का? घ्यायचा तर तपासू कसा?
– एक रेकॉर्डवेडा, राजेंद्रनगर, इंदूर"

राजेंद्रनगरकर,

आजच्या आज महूला फोन लावा आणि सांगा की रविवारी मी येईपर्यंत सेट लावू नका. मी आल्यावरही लावू नका. त्या गृहस्थांच्या मनात काही काळंबेरं नसणार, पण दहा वर्षं पडून असलेला व्हॉल्व्हचा सेट एकदम पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणं ही तो बिघडवायची हमखास रीत आहे. आतल्या फिल्टर कंडेन्सरमध्ये (वीज साठवून ती सपाट करणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमच्या पत्रीवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो आणि तोच काय तो आडोसा. सेट पडून राहिला की हा थर विरत जातो, आतला ओलावा वाळतो. अशा कंडेन्सरवर एका क्षणात ४०० च्या वर व्होल्ट आले तर तो आतून करंट गळू देतो, तापतो आणि शॉर्ट झाला तर जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर दोघांनाही सोबत नेतो. कंडेन्सर बदलता येतो हो. ट्रान्सफॉर्मर गेला की मात्र अटालेवाल्याच्या वजनकाट्याचा भाव.

"घ्यावा का" याचं उत्तरही इथेच आहे. तुम्ही पैसे मोजणार ते तीन ट्रान्सफॉर्मरचे: एक पॉवरचा, दोन आउटपुटचे (स्पीकरला आवाज पोचवणारे). बाकी सगळं, म्हणजे व्हॉल्व्ह, कंडेन्सर, रेझिस्टर, सॉकेट, वायरी, आजही नवं मिळतं. या सेटचे ट्रान्सफॉर्मरही अमेरिकेत अजून कुणी कुणी बनवतात, नाही असं नाही. पण १४-१५ किलोच्या सेटचं बहुतेक वजन त्या तीन ठोकळ्यांचंच आहे. ते मागवायचं भाडं आणि वर कस्टम ड्यूटी धरली की हौसेचा सगळा हिशेब कोलमडतो. इथे रिवाइंडिंगवाल्याकडून पॉवर ट्रान्सफॉर्मर निभावून नेता येईल. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये थर एकमेकांत गुंफून भरलेले असतात आणि सेटचा आवाज तिथेच घडतो. पंख्याच्या मोटारी भरणाऱ्याचं ते काम नव्हे. तेव्हा तिन्ही धड असतील तर घ्या, आणि एखादाही गेलेला असेल तर कितीही स्वस्त दिला तरी सोडून या.

सेट कोणता ते कळवलंत हे फार बरं केलंत. फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीचा हा अँप्लिफायर १९५९ चा. डेव्हिड हाफलर यांची ही कंपनी. चांगला आवाज मध्यमवर्गीयाच्या खिशाला परवडावा म्हणून त्यांनी तो सुट्ट्या भागांच्या किटमध्ये विकला आणि असे सेट काही लाख खपले. दर चॅनेलला ३५ वॅट, स्पीकर हलवणारे चार ईएल३४ व्हॉल्व्ह, एक जीझेड३४ रेक्टिफायर आणि त्यांच्या आधी सिग्नल वाढवणारे दोन ७१९९. आता किट म्हटल्यावर तुमच्या ध्यानात येईल की यातले असंख्य सेट कारखान्यात जुळलेलेच नाहीत. कुणीतरी रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून, पुस्तकात बघत बघत डाग दिलेत. म्हणून एक स्टिरिओ ७० दुसऱ्यासारखा नसतो आणि "हे मॉडेल फार भरवशाचं" या वाक्याला काडीचा अर्थ नाही. समोरचा नग भरवशाचा आहे का, एवढंच विचारायचं.

दुसरी गोष्ट ११७ व्होल्टची. अमेरिकेत विकलेले हे सेट तिथल्या विजेसाठी आहेत. थेट आपल्या बोर्डात लावला तर धूर निघायला वेळ लागत नाही. पाठीमागची पाटी वाचा, पॉवर ट्रान्सफॉर्मरवर काय लिहिलंय ते बघा आणि "बरोबर स्टेप-डाउन आहे" म्हणाले तर त्याचीही पाटी वाचा. सेट नुसता चालू असला तरी दीडशे वॅटच्या पुढे खातो, म्हणून ५०० व्हीएचा स्टेप-डाउन हवा. मिक्सरसाठी घेतलेली लहान डबी चालणार नाही. शिवाय तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तेवढ्याच व्होल्टला ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर साधारण २० टक्के जास्त ताण येतो आणि तो तिकडच्यापेक्षा गरम राहतो. मारक नाही, पण रात्री वस्तीतलं व्होल्टेज २४५-२५० ला गेलं की स्टेप-डाउनमधूनही जास्तच येतं, आणि त्यात मे महिन्याची इंदूरची हवा. स्टेप-डाउनच्या आधी चांगला स्टॅबिलायझर लावा, हा खर्च टाळू नका.

रविवारी जाताना टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश, फोनचा कॅमेरा आणि एक बरा मल्टिमीटर घ्या. त्यावर ६०० व्होल्ट आणि कॅट ३ (सुरक्षेची श्रेणी) अशी खूण हवी. फुटपाथवरचा पिवळा मीटर रेडिओच्या सेलपुरता ठीक. याखेरीज १० किलोओहम, १० वॅटचा एक वायरवाउंड रेझिस्टर घ्या. त्याच्या एका टोकाला मगर-क्लिपची वायर, दुसऱ्या टोकाला चांगलं इन्सुलेशन असलेला प्रोब, आणि मधलं सगळं उघडं तांबं स्लीव्हमध्ये झाकलेलं. महाराणी रोडवर हे सगळं सामान मिळून जाईल.

आधी नुसतं बघा. ट्रान्सफॉर्मरच्या कडांना डांबरासारखा काळा ओघळ आहे का? वास घ्या, जळलेल्या वॉर्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही. चार भागांचा फिल्टर कंडेन्सर हा वरून दिसणारा अ‍ॅल्युमिनियमचा डबा आहे. त्याचं बूड फुगलंय का, पांढरी-पिवळी पावडर बाहेर आलीय का? फ्यूज काढून बघा. आत फ्यूजच आहे की सिगारेटच्या चांदीत गुंडाळलेला तुकडा आहे? जिथे फ्यूजच्या जागी तार सापडते तिथे मी पुढचं सगळं दुप्पट संशयाने बघतो, कारण ज्याने ती घातली त्याला फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतोय हे माहीत होतं. मग व्हॉल्व्ह. काचेच्या आत चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह मेला. डाग जरा तपकिरी किंवा कमी झालेला असला म्हणून व्हॉल्व्ह बाद होत नाही. चारही ईएल३४ एकाच कंपनीचे दिसले तर बरं. प्रत्येक चॅनेलच्या दोन व्हॉल्व्हना मिळून बायसचा (व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या उणे व्होल्टेजचा) एकच स्क्रू आहे, त्यामुळे ती जोडी जुळलेली लागते. ७१९९ जागेवर आहेत ना, हे मात्र नक्की बघा. तो व्हॉल्व्ह आता सहज मिळत नाही. बरेच लोक अ‍ॅडॅप्टर लावून त्या जागी ६जीएच८ए वापरतात, तसं असलं तर घाबरू नका. आणि विकणाऱ्याने "ओरिजनल जुने व्हॉल्व्ह" म्हणून भाव चढवला तर हसून सोडून द्या, काचेवरची छपाई पुसून नवी करणं हा जगभरचा धंदा आहे.

आता खालचं झाकण, आणि मेव्हणे. त्यांच्या हौसेबद्दल आदर ठेवून सांगतो, रेडिओचा अनुभव इथे अर्धाच कामाचा. ट्रान्सफॉर्मर नसलेले एसी-डीसी रेडिओ त्यांनी उघडले असतील तर त्यांची चेसिसच (सेटचा धातूचा सांगाडा) मेन्सला जोडलेली असते, तिथे हात जपायची सवय त्यांना असेल. इथे धोका वेगळा आहे. प्लग काढलेला सेटही मारतो. चालू सेट बंद केला आणि व्हॉल्व्ह गरम असले तर तेच कंडेन्सर रिकामा करून टाकतात. पण व्हॉल्व्ह काढलेले असतील किंवा मेलेले असतील, तर भरलेला कंडेन्सर तसाच बसून राहतो, कितीतरी वेळ. माझ्या टेबलावर एकदा असाच सेट होता. प्लग काढून चहा झाला, तरी मीटरवर ३८० दिसत होते. प्रोब टेकवला तसा आकडा घसरू लागला. ३८०, २१०, ९०, ३०. प्रोब काढला आणि थोड्या वेळाने पुन्हा मीटर लावला तर शून्यावर आलेला आकडा परत १२ झाला होता. कंडेन्सर आतून थोडं परत देतो, म्हणून एकदा रिकामा करून गाफील व्हायचं नाही.

करायचं असं. मगर-क्लिप चेसिसला आधी लावायची, मगच डाव्या-उजव्याचा विचार. एक हात पाठीमागे, अगदी पँटच्या मागच्या खिशात. दोन्ही हात आत असले की करंटची वाट छातीतून जाते. रेझिस्टरचा प्रोब डब्याच्या चारही टोकांना एकेक करून दहा-दहा सेकंद टेकवायचा, नंतर मीटरने चारही तपासायची, आणि काम चालू असताना मधूनमधून पुन्हा. अंगठी, घड्याळ, कडं बाहेर. स्क्रू-ड्रायव्हरने "फटाक" करून शॉर्ट करायची जुन्या मेकॅनिकांची पद्धत असते. तिने कंडेन्सरही दुखावतो आणि उडालेला तांब्याचा थेंब डोळ्यात जाऊ शकतो. मेव्हणे हे ऐकायला तयार नसतील तर त्यांना चहाला बाहेर बसवा.

"आमच्याकडे ट्रिप स्विच आहे, काही होणार नाही" असं कुणी म्हटलं तर ते अगदी चूक आहे, आणि ही समजूत मी इंजिनिअर लोकांच्या तोंडूनही ऐकलीय. ३० मिलीअँपचा आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का, एवढंच बघतो. अँप्लिफायरचं हाय टेन्शन (व्हॉल्व्हना लागणारं ४०० च्या वरचं डीसी व्होल्टेज) ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तयार होतं, त्या बाजूचा मेन्सशी तारेचा संबंधच नाही. तुमचा एक हात ४३० व्होल्टवर आणि दुसरा चेसिसवर असला तरी घरच्या स्विचला दोन्ही तारांत सारखाच करंट दिसतो आणि तो शांत बसतो. आरसीसीबी मेन्सच्या गळतीसाठी हवाच, पण सेटच्या पोटात तो तुमचा राखणदार नाही.

कंडेन्सर रिकामे झाले की ओहम मोजा. ही मोजणी महूला, प्लग बोर्डापासून लांब असतानाच होते आणि सौदा ठरतो तो हिच्यावर. सेटचा स्विच ऑन करून प्लगच्या दोन पिनांमध्ये काही ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर आधी फ्यूज आणि स्विच तपासा, ते ठीक असतील तर पॉवर ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी (वीज आत येते ते वेटोळं) तुटलंय. प्लगची कुठलीही पिन आणि चेसिस यांत मीटरने काही दाखवू नये. मग चारही ईएल३४ काढा, कोणता कुठला ते काचेवर पेन्सिलीने नव्हे तर चिकटपट्टीवर लिहून ठेवा, आणि सॉकेटची पिन ३ शोधा, ही प्लेट. खालून बघताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायचं, वरून बघताना उलट. एका चॅनेलच्या दोन सॉकेटांच्या पिन ३ पासून हाय टेन्शनच्या टोकापर्यंत (आउटपुट ट्रान्सफॉर्मरची लाल वायर जिथे जाते तिथे) रेझिस्टन्स घ्या. दोन अर्ध्यांत थोडा फरक राहतोच, कारण आतल्या थराची तार लहान आणि बाहेरच्या थराची लांब. पण एक अर्धा मोकळा, म्हणजे ओपन, किंवा दुसऱ्याच्या निम्म्यावर आला तर ट्रान्सफॉर्मर गेला.

स्टिरिओ सेटची गंमत अशी की जुळा भाऊ शेजारीच बसलेला असतो. डाव्याचे आकडे उजव्याशी ताडून बघा, पुस्तक लागत नाही. दोन्ही चॅनेल सारखे आले तर दोन्ही चांगले असण्याचीच शक्यता फार. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मिळाला तर प्रायमरी आणि चेसिसमधलं इन्सुलेशन ५०० व्होल्टवर तपासून घ्या, मात्र तेव्हा व्हॉल्व्ह काढलेले हवेत आणि कंडेन्सरची वायर सोडवलेली हवी. महूच्या बैठकीत एवढं उलगडणं जमणार नाही, ते नंतर मेकॅनिककडे.

आता भाव. ६०,००० हा तासभर वाजवून, गरम करून दाखवलेल्या सेटचा भाव झाला, आणि तसा तो दाखवता येणार नाही असं आपणच म्हणतोय. त्यामुळे स्वच्छ बोला: "काका, मी हा न तपासलेला सेट म्हणून घेतोय." फिल्टरचा डबा जुना असेल तर तो बदलायचाच. हळूहळू व्होल्टेज चढवून जुना कंडेन्सर जिवंत करायची युक्ती आहे, पण पन्नास वर्षांच्या डब्यावर मी ती वापरणार नाही. तशाच चार भागांचा नवा डबा आजही बनतो. त्याचे पैसे, मेकॅनिकचे पैसे आणि निदान एका ईएल३४ जोडीचे पैसे वजा करून मागा. माझ्या मते सगळ्यात सरळ व्यवहार असा: थोडा बयाणा द्या, आठ दिवसांत मेकॅनिकने तिन्ही ट्रान्सफॉर्मर ठीक म्हटले तर बाकीचे, नाहीतर सेट परत. सज्जन माणूस याला नाही म्हणत नाही. घाई करून "उद्या दुसरे येणार आहेत" म्हणाले तर येऊ द्या दुसऱ्यांना.

आणताना व्हॉल्व्ह काढून कपड्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात, सेट सरळ ठेवून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून. स्कूटरवर पायाशी ठेवून तर नकोच.

मेकॅनिक निवडताना एकच प्रश्न विचारा: "सिरीज बोर्ड आहे का?" कसला बोर्ड, असं विचारलं तर पुढच्या दुकानात. १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सेटच्या वाटेत सिरीजमध्ये लावायचा, तोही स्टेप-डाउनच्या आधी, २३० च्या बाजूला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. आत शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्ब खातो, तो भक्क पेटतो आणि सेट वाचतो. डिमरस्टॅट (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर तोही चांगला, पण तो एकटा पुरत नाही: हा रेक्टिफायर व्हॉल्व्हचा सेट आहे, कमी व्होल्टेजवर जीझेड३४ पुरेसा तापत नाही, हाय टेन्शन येतच नाही आणि "सगळं ठीक" असा भास होतो.

पहिल्या फेरीत एकही व्हॉल्व्ह नको. बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझला पाहिजे. नाही विझला तर ट्रान्सफॉर्मरच खोटा आहे, बयाणा परत मागा. विझला तर मेकॅनिकला सांगा की ईएल३४ घालायच्या आधी चारही सॉकेटांच्या पिन ५ वर बायस मोजा, जीझेड३४ बाहेरच असू दे. त्यामुळे डीसी हाय टेन्शन तयार होत नाही (रेक्टिफायरच्या सॉकेटवर एसी मात्र असतंच). चारही ठिकाणी उणे तीस-चाळीस व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. या सेटमध्ये बायससाठी सेलेनियमचा जुना रेक्टिफायर असतो. तो थकला की चारही ईएल३४ चा लगाम सुटतो, म्हणून तो अजून तसाच असेल तर पहिल्याच बैठकीत काढून सिलिकॉन डायोड बसवून घ्या आणि बायस नव्याने लावा. सेलेनियम जळताना फार घाण वास येतो आणि तो धूर विषारी असतो. आला तर सेट बंद आणि खिडक्या उघड्या.

मग सगळे व्हॉल्व्ह, बल्ब अजून सिरीजमध्येच, आणि स्पीकरच्या जागी ८ ओहमचा, ५० वॅटचा रेझिस्टर. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर लोडशिवाय (स्पीकर किंवा असा रेझिस्टर न जोडता) कधीही चालवायचा नाही. ट्रान्झिस्टरवाल्याला हे उलटं वाटतं, त्याला शॉर्टची भीती असते. इथे आउटपुट मोकळं राहिलं आणि सिग्नल आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि ज्या ट्रान्सफॉर्मरसाठी तुम्ही पैसे मोजले त्याचंच इन्सुलेशन फाटतं. तुमचे स्वतःचे स्पीकर पहिल्या दिवशी मात्र लावू नका.

बल्ब आधी उजळेल, व्हॉल्व्हची फिलामेंट तापली की जरा मंद होईल आणि मधल्याच उजेडावर थांबेल. हे बरोबर आहे. मग बल्ब काढून पूर्ण व्होल्टेज, खोलीत थोडा अंधार करून, हात स्विचवर ठेवून ईएल३४ कडे बघत राहायचं. आतली राखाडी प्लेट लालसर होऊ लागली तर विचार करत बसू नका, बंद. एकच लाल झाली तर तो व्हॉल्व्ह किंवा त्याच्याकडे येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय. पिन ५ वरचं उणे व्होल्टेज शून्याकडे सरकलेलं दिसेल. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर ती बहुधा निरुपद्रवी. जांभळा-गुलाबी उजेड प्लेटांच्या मधोमध भरून आला तर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे, तो काढा. जीझेड३४ मध्ये ठिणग्या दिसल्या तरी लगेच बंद.

बायसचा आकडा मॅन्युअलमध्ये १.५६ व्होल्ट दिलाय, १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर, म्हणजे दोन व्हॉल्व्हना मिळून १०० मिलीअँप. मी तुमच्या जागी १.२५ च्या आसपास ठेवीन. आवाजात फरक कळणार नाही, आणि वाढलेल्या व्होल्टेजच्या रात्री व्हॉल्व्हना श्वास घ्यायला जागा राहील. तो १५.६ चा रेझिस्टर आज खरंच तेवढाच आहे का, हे आधी मोजायला लावा. नाहीतर सगळा हिशेब चुकीच्या मापाने. शेवटी कानाने: सिग्नल नसताना घूं आवाज येतो का? फिल्टर थकला असेल तर तो १०० हर्ट्झचा, जरा कर्कश गुंजारव असतो. जाड, खोल ५० हर्ट्झचा आवाज हीटरच्या किंवा अर्थिंगच्या जोडणीतून येतो, त्यावर खर्च थोडा.

तुमच्या मंडळींचा प्रश्न मला तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटला. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची, चेसिसला पक्की अर्थ केलेली वायर लावून घ्या, आणि घराचं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातंय का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासा. राजेंद्रनगरच्या जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नाही असंही निघू शकतं. सेटवर बसणारा छिद्रांचा पिंजरा मूळचा सोबत असेल तर मागून घ्या, नसेल तर जाळी बनवून घ्या. ईएल३४ च्या काचेला बोट लागलं तर फोड येतो. आणि समोरच्या पट्टीवर आठ भोकांची दोन सॉकेट दिसतील. ती डायनाकोच्याच प्रीअँपला (अँप्लिफायरच्या आधी लागणाऱ्या पेटीला) वीज देण्यासाठी आहेत आणि बायस मोजायची जागाही तिथेच आहे. त्यातल्या एका भोकात हाय टेन्शन असतं. चार वर्षांच्या मुलीच्या उंचीवर, नाकासमोर, पेन्सिल किंवा हेअरपिन जाईल एवढं भोक! सेट घरी आल्या दिवशी त्यांवर प्लास्टिकची झाकणं स्क्रूने बसवा, आणि सेट तिच्या डोक्यापेक्षा वरच्या, मागून हवा खेळेल अशा पक्क्या फळीवर ठेवा. बंद कपाटात नको. स्टेप-डाउन त्याच फळीवर कायमचा जोडून टाका आणि सेटची वायर त्यातून बाहेर निघणारच नाही अशी बांधा, म्हणजे पाहुण्यांपैकी कुणी "लावू का जरा?" म्हणून ती थेट भिंतीत खुपसणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही, आणि रविवारी घरी आल्यावर ती कळली असती तर हिरमोड झाला असता. हा नुसता पॉवर अँप्लिफायर आहे. त्याला आवाजाचं बटण नाही आणि रेकॉर्ड प्लेअर थेट लावायची सोय नाही. पूर्ण आवाजाला त्याला १.३ व्होल्टचा सिग्नल लागतो, आणि तुमच्या कार्ट्रिजमधून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, तेही रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेले. मध्ये फोनो प्रीअँप हवाच. नव्या स्वस्त डब्यांमध्ये खाली एलईडी लावून व्हॉल्व्ह पेटल्यासारखा दाखवतात, तसला घेऊ नका. त्यापेक्षा साधा ट्रान्झिस्टरचा घ्या. पण त्याआधी महूच्या काकांना फोनवरच विचारा की भावाच्या सामानात पीएएस असं लिहिलेली, डायनाकोच्याच प्रीअँपची दुसरी एक पेटी माळ्यावर पडलीय का. सेटबरोबर तीही आणलेली असू शकते. असली तर सौद्यात मागून घ्या, तिच्यात फोनोची सोय आहे, आणि तिचे कंडेन्सरही तेवढेच जुने आहेत म्हणून तीही प्लग न लावता.